हेल्मेट माझ्या डोक्यावर होतं

प्रिय दादा,

दुचाकीवरून पडून जिवंत उठलेल्या आम्हा माणसांची एक सामायिक तक्रार आहे. आम्हाला कुणी खरं सांगत नाही. शुद्धीवर आल्यावर आम्ही पहिला प्रश्न विचारतो, "काय झालं?" आणि त्या क्षणापासून सगळं जग आमच्याशी हळू आवाजात बोलायला लागतं. "आता विचार नको करूस." "देवाने वाचवलं." "जे झालं ते झालं." अरे, जे झालं ते नेमकं काय झालं, तेच तर विचारतोय आम्ही!

दहा महिने झाले. ज्या बाईच्या आवाजाला कधी माईक लागला नाही, तिच्या उशाशी येऊन अख्खी वाडी कुजबुजून गेली. कुजबुज ऐकली की मला राग येतो, हे तुला ठाऊक आहे. कुजबुजणाऱ्याकडे काहीतरी लपवायला असतं, एवढं मी पंचवीस वर्षं सभा गाजवून शिकले आहे.

आज लिहायला बसले, कारण बुधवारी ठाण्यातले हवालदार घरी आले होते. भला माणूस. पडवीत बसून चहा घेतला, माझ्या पायाची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, तुमचा जबाब तेवढा राहिलाय. तेव्हा तुम्ही शुद्धीत नव्हतात. सोमवारी अकराला येऊन सही करा, म्हणजे फाईल बंद होते."

मी म्हटलं, "आधी वाचू द्या."

त्यांनी कागद पुढे केला. सरकारी मराठी मला नवी नाही, तिच्याशी भांडण्यातच आयुष्य गेलं. पण या कागदावर "आरोपी" या शब्दापुढे तुझं नाव होतं. हयगयीने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस व पाठीमागे बसलेल्या बहिणीच्या दुखापतीस कारणीभूत. आरोपी मयत.

तू! आरोपी!

अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलीस. भर पावसात घाट उतरवलेस. विनाअपघात सेवेचा बिल्ला खिशावर लावून फिरायचास. फुशारकी आवडत नाही म्हणायचास, आणि बिल्ला मात्र रोज सकाळी धोतराच्या फडक्याने पुसायचास. त्या माणसाला ह्यांनी दीड ओळीत आरोपी करून टाकलं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी म्हणजे? सगळ्यांनीच. तिथे जमले होते त्यांनी. घरच्यांनी."

"आणि मी?"

"तुम्ही मागे होतात ना, बाई," ते म्हणाले.

त्यांनी मला विचारलं नव्हतं, दादा. सांगितलं होतं. आत स्वयंपाकघरात वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. 

मी "येते सोमवारी" एवढंच म्हटलं. सही करते असं म्हटलं नाही.

तुला आठवतं, मला गाडी कुठे शिकवलीस? घरामागच्या सड्यावर. नुसता उघडा कातळ, ना झाड, ना माणूस. मी कॉलेजात होते, तू नुकताच एसटीत लागला होतास. बाबा म्हणाले, "मुलगी मोटारसायकल शिकून काय करणार आहे?" तू म्हणालास, "आधी शिकू दे. काय करायचं ते ती ठरवील." मग मागे बसून तू माझ्या खांद्यावर बोटं वाजवायचास. एक टिचकी म्हणजे हळू. दोन म्हणजे जाऊ दे. तीन म्हणजे थांब, पुढे गाय आहे! त्या सड्यावर मी पडले, गुडघे सोलवटले, आणि तू हसत म्हणालास, "बाय, तुला गाडी येते. तुला गप्प बसता येत नाही. बोलताना मागे वळून बघतेस!"

हे वाक्य मी दहा महिन्यांत किती वेळा आठवलं, ते विचारू नकोस.

त्या दिवसाचं मला इतकंच आठवतं. लांज्याला रस्त्यांच्या प्रश्नावर सभा होती. तुझी सुट्टी होती म्हणून तू तुझ्या मोटारसायकलवरून मला घेऊन गेलास. मी पाऊण तास बोलले. ठेकेदाराला सोडलं नाही, अधिकाऱ्यांना सोडलं नाही, गप्प बसणाऱ्या लोकांनाही सोडलं नाही. तू शेवटच्या रांगेत बसून शेंगदाणे खात होतास. नंतर टपरीवर चहा झाला. मग तू खिशातून रुमाल काढलास आणि हेल्मेटची काच पुसायला लागलास.

तिथे पडदा पडतो. पुढचं दृश्य इस्पितळातलं छत.

आता हस. शुद्धीवर आल्यावर माझा पहिला संशय कुणावर गेला, माहीत आहे? ठेकेदारावर! मी त्याच्याविरुद्ध बोलले, म्हणून त्याच्या माणसांनी गाडीचे ब्रेक कापले. मी खाटेवर पडल्या पडल्या भाषण ठोकलं. खांदा प्लास्टरमध्ये, पाय वजनाला टांगलेला, आणि नर्सला सांगतेय की हा लोकशाहीचा गळा घोटण्याचा प्रकार आहे! ती बिचारी सलाईन बदलत म्हणाली, "हो मॅडम, पण हात हलवू नका." तक्रारअर्जाचा मसुदासुद्धा मी तन्वीकडून लिहून घेतला. तुझ्या लेकीने एक शब्द न बोलता तो लिहिला. मेकॅनिकने गाडी तपासली. ब्रेक धड होते. उतारावर मासळीच्या ट्रकमधून गळलेलं पाणी होतं, एवढंच. बर्फाचं, रक्ताचं, तेलकट पाणी. त्यावर चाक घसरलं.

झालं! मी ठेकेदाराला सोडलं आणि मासळीच्या ट्रकांना धरलं. मला कुणाला तरी धरायला हवंच होतं ना! बाहेर शत्रू असला की माझं बरं चालतं. आत बघायची वेळ येत नाही.

त्या दिवसांत भेटायला येणारा प्रत्येक जण एक गोष्ट सांगायचा. डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. हेल्मेट एकच होतं आणि ते माझ्या डोक्यावर सापडलं. "भाऊ असावा तर असा! स्वतःचं काढून बहिणीला घातलं." तुमच्या आगारात शोकसभा झाली, तिथेही हेच सांगितलं म्हणे. मी ऐकून रडायचे. दोन महिने रडले.

मग एके दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी मला जिना चढवत होती. तिसऱ्या पायरीवर माझं रडं एकदम थांबलं. दादा, तू हेल्मेटशिवाय गाडी चालवशील? तू? पार कुवारबावच्या नाक्यापर्यंत गेल्यावर हेल्मेट राहिलं म्हणून परत घरी येणारा तू? लग्नाच्या वरातीत नवरदेवाला "फेटा काढ, हेल्मेट घाल" म्हणून भांडणारा तू?

मी जिन्यावरच बसले. ती मुलगी घाबरून म्हणाली, "दुखतंय का?"

त्या दिवसापासून मी सगळ्यांकडे संशयाने बघायला लागले. मी खोलीत गेले की बोलणं का तुटतं? शेजारचे काका "त्या दिवशी" म्हणतात आणि वहिनीकडे बघून गप्प का होतात? आणि वहिनी! जिचा नवरा गेला, ती बाई मला मऊ भात भरवते, वेणी घालते, माझा पाय उशीवर ठेवते, पण नजरेला नजर देत नाही. माणूस इतकं चांगलं का वागतं, दादा? मला तिच्या चांगुलपणाचा संशय यायला लागला. लाज वाटली, पण आला.

बाहेर वेगळंच सुरू झालं होतं. त्यागाची गोष्ट लोकांना तीन महिने पुरली. नंतर त्यांना दुसरी लागली. "बस वेगळी आणि मोटारसायकल वेगळी. वय झालं होतं. उतार झेपला नाही त्याला." आगारातले तुझ्याच पंगतीला जेवलेले लोक हे बोलायला लागले. तन्वी एक दिवस कॉलेजातून आली ती थेट माडीवर गेली. वर्गातला कुणी म्हणाला होता, "तुझ्या बाबांना साधी बाईक येत नव्हती, आणि आम्ही ह्यांच्या बसमध्ये बसायचो!" पोरगी रडली नाही. स्कूटरची चावी मुठीत धरून बसून राहिली.

महिन्यापूर्वी मी माळ्यावरून इस्पितळातली पिशवी काढली. माझे कापलेले कपडे, मोडलेलं घड्याळ आणि बूट. ते तपकिरी बूट तुला आठवत असतील. सभेसाठी आदल्या दिवशी घेतलेले. तू म्हणाला होतास, "पुढारीण दिसतेस!" ते मी त्याच दिवशी पहिल्यांदा घातले होते.

डाव्या बुटाच्या वर, अंगठ्यापाशी, काळा पट्टा होता.

गिअर टाकणाऱ्याला हा पट्टा वेगळा समजवावा लागत नाही. गिअरची दांडी खालून वर ढकलली की बुटाच्या त्या जागेवर तो उमटतो. तुझ्या सगळ्या बुटांवर आहे. मागे बसणाऱ्याच्या बुटावर कधीच नसतो. जाताना मी मागे बसले होते, हे मला स्वच्छ आठवतंय. बूट नवे होते. मग हा पट्टा उमटला कधी?

मी काय केलं असेल? सत्यासाठी आयुष्यभर टेबलं बडवणाऱ्या तुझ्या बहिणीने? बूट पिशवीत घातले, पिशवी माळ्यावर टाकली, आणि महिनाभर कुणाला काही विचारलं नाही. दुसरे माझ्यापासून लपवत होते तोवर मी वाघीण होते. आता मी माझ्यापासून लपवायला लागले. म्हटलं, असेल कसला तरी डाग. रस्त्यावर घासला असेल.

बुधवारी तो कागद बघितला नसता, तर मी अजून तो डागच म्हणत राहिले असते. मग मी स्वतःलाच विचारलं, की त्या उतारावर सगळ्यांत आधी कोण पोचलं होतं? उत्तर मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. हसीनाबी. मिरकरवाडा बंदरातली. मासळीची पाटी घेऊन गावोगाव फिरते. बाकीचे चालक वास येतो म्हणून मासेवाल्यांना बघून गाडी पुढे न्यायचे, तू मात्र थांबायचास. मागच्या सीटखाली तिच्या पाटीची जागा ठरलेली होती. पोलिसांना जे जमले होते त्यांनी सांगितलं म्हणे. जमले होते ते सगळे पुरुष. हसीनाबीला कुणी विचारलं नाही.

मीही विचारलं नव्हतं! बायकांना कुणी विचारत नाही, यावर मी किती भाषणं दिली असतील, दादा? आणि दहा महिन्यांत मला एकदाही बंदरावर जावंसं वाटलं नाही.

गुरुवारी सकाळी रिक्षा करून गेले. काठी टेकत, चिखल चुकवत. लिलाव संपत आला होता. ती बर्फ फोडत बसली होती. मला बघून तिने दगड बाजूला ठेवला, हात पुसले, आणि काही विचारायच्या आधीच म्हणाली, "आलीस शेवटी. मी म्हटला, ही बाय येतेय की नाय."

"हसीनाबी, त्या दिवशी..."

"बस आधी. पाय बघ कसा थरथरतोय."

मी उलट्या टोपलीवर बसले. विचारलं, "गाडी कोण चालवत होतं?"

"तू."

एकच अक्षर. आजूबाजूला भाव पुकारत होते, कावळे ओरडत होते.

"नक्की?" मी म्हटलं. "लांबून बघितलं असशील. चूक झाली असेल."

ती चिडली. "माझे डोळे काय आंधळे? मी थांब्यावर हुती. एसटीची वाट बघत. तुमची गाडी वरून आली. भावाने मला बघितला नि दोन्ही हात वर केले. दोन्ही हात, बाय! गाडी चालवणारा दोन्ही हात सोडील काय गो?"

तिने फुटलेला बर्फ पाटीत ढकलला.

"नि वरडला काय, म्हायत हाय? 'हसीनाबी, बघ! आज माझी ड्रायव्हर!' पोरगा वरडतो तसा. तू हसलीस. हसून मागं बघितलंस त्याच्याकडं. तेवढाच. मग चाक गेला पाण्यावर."

तेवढाच, दादा. एका हसण्याएवढा वेळ.

"पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"मला कोण विचारतंय? हवालदार पुरुषांकडं गेला. ते म्हणाले भाऊ चालवत हुता. त्यांनी बघितला नव्हता, पण बाप्या नि बाईमाणूस गाडीवर असली की चालवणारा कोण, ह्यात विचारायचा काय? मी तुझ्या वैनीला सांगितला. तिसऱ्याच दिवशी. ती म्हणाली, हसीनाबी, तुझ्या पाया पडते, राहू दे."

परत येताना रिक्षात मला रडू आलं नाही. मला तुझा राग आला. हो, तुझा! मागे बसणाऱ्याला डोकं नसतं का रे? अठ्ठावीस वर्षं जगाला नियम शिकवलेस, आणि एकच हेल्मेट घेऊन दोघं निघालो. जाताना मी उघड्या डोक्याने, येताना तू. "मागच्याला लागत नाही" म्हणाला असशील. म्हणालाच असशील. तुझ्यासारख्या शहाण्या माणसाने हा खुळेपणा करावा? आणि मी तो मुकाट्याने करू द्यावा?

संध्याकाळी वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "वहिनी, मी हसीनाबीकडे जाऊन आले."

तिचे हात थांबले. वर बघितलं नाही. "कळलं मला. तुमच्या चपलांना बंदरावरचा चिखल लागलाय."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"लांज्याहून निघताना ह्यांचा फोन आला होता. म्हणाले, येताना बाय चालवतेय, मी जन्मात पहिल्यांदा मागे बसून घरी येतोय. चहा टाकून ठेव." तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "मी टाकला होता चहा."

मला पुढचं विचारता येईना. पण विचारणं हाच माझा धंदा. "मग पोलिसांना का नाही सांगितलंस? दादाचं नाव का लागू दिलंस?"

"वन्सं, तुम्हाला काय वाटतं, मी तुम्हाला वाचवलं?" आता तिने वर बघितलं. दहा महिन्यांत पहिल्यांदा. "तुमच्यासाठी नाही केलं. तुमचा राग आला होता मला. भात कालवताना ताट तोंडावर फेकावंसं वाटायचं."

"मग?"

"हे गेले त्या रात्री माझे भाऊ, दीर, सगळे पडवीत बसले होते. त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही की गाडी तुम्ही चालवत असाल. आणि मी आत बसून विचार केला, यांना कळलं तर उद्या हे काय बोलतील? बाईच्या हातात गाडी दिली म्हणून माणूस गेला! आधी तन्वीची स्कूटर विकली असती. मग तिचं कॉलेज. मग शेजारच्या पोरींच्या स्कूटर. प्रत्येक बापाने तुमचं नाव घेऊन पोरीच्या हातातली चावी काढून घेतली असती. ह्यांचं नाव खराब झालं, झालं. ते सोसतील. ते गेलेत. पोरीला जगायचंय."

दादा, मी आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. इतकं बिनतोड भाषण ऐकलं नव्हतं. तेही तांदूळ निवडता निवडता.

मी म्हणणार होते, बरोबर आहे तुझं. खरंच म्हणणार होते. सोमवारी सही करावी, फाईल बंद करावी, तुझ्या फोटोला हार घालावा. तेवढ्यात जिन्यावरून तन्वी खाली आली. सगळं ऐकलं होतं तिने.

"आई, म्हणजे मी स्कूटर चालवायची ती बाबांच्या नावावर डाग ठेवून?"

"तन्वी, तू आत जा."

"नाही जात. आत्ये, तू सांग. तू पडलीस तेव्हा बाबांचं नाव पुढे केलंत. उद्या मी पडले, तर कोणाचं करणार आहात? घरात आता पुरुषसुद्धा उरला नाही!"

वहिनीने तिच्यावर हात उचलला. उचलला आणि तसाच राहिला. मग तिघीही रडलो. पहिल्यांदा एकत्र.

तन्वीच्या त्या प्रश्नावर मी रात्रभर तळमळले. वहिनीची भीती खोटी नाही. लोक बोलतील. मी खरं सांगितलं तर ज्या सभांमध्ये मी पोरींना "चाक हातात घ्या" म्हणून ओरडले, तिथेच लोक मला दाखवून म्हणतील, बघा, घेतलं हिने! मी शिकवते त्या शाळेत चौकशी लागेल. कदाचित माझ्यावर गुन्हा लागेल, लागायलाच हवा. पण आजवरची माझी सगळी भाषणं एकाच वाक्याची होती. बाई गाडी चालवू शकते. मग ती गाडी पाडूही शकते, हे मान्य केल्याशिवाय ते वाक्य अर्धंच राहतं. पुरुष रोज पडतात, पाडतात. त्यांच्या जातीची चावी कुणी काढून घेत नाही. आमची घेतात, कारण आमची चूक आम्ही कधी आमच्या नावावर लिहूच दिली नाही. वहिनीने प्रेमाने झाकली. पुरुषांनी विचार न करता झाकली. मी भीतीने झाकली. आणि ते पांघरूण केलं तुझ्या नावाचं!

आणि तुझं काय? शेवटचं वाक्य तू काय ओरडलास, ते आता मला माहीत आहे. आज माझी ड्रायव्हर. भर रस्त्यात, दोन्ही हात वर करून, तू स्वतः जबाब दिलास, दादा. त्याच्या बरोबर उलटा कागद त्यांनी केला आणि माझ्या सहीची वाट बघत बसलेत.

सगळे मला एकच विचारतात, आता पुन्हा गाडीवर बसणार का? डॉक्टर म्हणाले, पावसाळ्यानंतर बघू. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कशाला पुन्हा? देव किती वेळा वाचवील?" गाडी पडवीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी आहे. काल ताडपत्री काढली. हँडलवर हात ठेवला. लगेच काढून घेतला, आणि तरीही डावा पाय आपोआप गिअरकडे गेला. म्हणजे भीती आहे आणि ओढही आहे. दोन्ही खोटं नाही.

मी ठरवलं आहे. त्या कागदावर चालक म्हणून माझं नाव लागेपर्यंत मी गाडीला किल्ली लावणार नाही. ज्या बाईने गाडी चालवलीच नाही असं सरकार म्हणतं, ती पुन्हा कसली चालवणार? नाव लागलं, चौकशी झाली, जी शिक्षा असेल ती भोगून झाली, आणि लायसन हातात राहिलं किंवा परत मिळालं, की सड्यावर जाईन. पहिल्यापासून शिकेन. पडले तर माझ्या नावावर पडेन.

आणखी एक वचन देते. हे देताना मला किती जड जातंय, ते तुलाच कळेल. हँडल हातात असेल तोवर मी एक शब्द बोलणार नाही. मागे कुणी कितीही हसवलं तरी वळून बघणार नाही. आणि मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असल्याशिवाय गाडी तसूभर हलणार नाही, मग तो बसणारा विनाअपघात सेवेचा बिल्ला लावून आलेला असला तरी!

हे पत्र तुझ्या फोटोसमोर आता मोठ्याने वाचते आहे. स्वयंपाकघरात वहिनी ऐकते आहे, तिच्या बांगड्यांचा आवाज थांबलाय. हसीनाबी यायला तयार आहे. पण ठाण्यातले म्हणतील, मासेवालीचं काय ऐकायचं आणि डोक्याला मार लागलेल्या बाईचं तरी काय? तो फोन एकाच माणसाने घेतला होता. म्हणून दादा, तुला थोडा वेळ बाजूला ठेवते आणि तिच्याशी बोलते.

वहिनी, सोमवारी अकरा वाजता माझ्याबरोबर ठाण्यात चल. माझी बाजू घेऊ नकोस, मला माफही करू नकोस. लांज्याहून दादाचा फोन आला होता आणि तो काय म्हणाला, तेवढं एक वाक्य लिहून दे.

तुझी ड्रायव्हर,
बाय